न पोहणारा पंच

...आणि नाही म्हणायला मला वेळ तरी कुठे दिला हो? तीस वर्षं गोदीतल्या कचेरीत खर्डेघाशी केली, जहाज पाहिलं ते खिडकीतून, तेही खिडकी पुसलेली असली तर. पण रिटायर होऊन अंधेरीला राहायला आलो मात्र, वेसाव्याला बातमी गेली की गोदीतले साहेब आलेत, त्यांना होड्यांतलं सगळं कळतं. तुम्हाला सांगतो, मला होडीतलं एवढंच कळतं की ती पाण्यावर असते. आणि मला पोहता येत नाही.

झालं काय, नारळी पुनवेला खाडीत शिडाच्या होड्यांची शर्यत झाली. वेसाव्याचा धाकू पहिला आला, मढचा जयवंत दुसरा, पण वाटेत धाकूच्या होडीने जयवंतचं सुकाणू मोडलं. नियम असा, की दोन होड्या एकमेकींना आडव्या आल्या तर जिच्या उजव्या अंगावर वारा तिची वाट, दुसरीने बाजूला व्हायचं. आता दोघंही म्हणतात, वारा माझ्या उजवीकडे होता. मग पंच हवा, दोन्ही गावांच्या बाहेरचा. म्हणून दोन्ही गावची माणसं आली माझ्याकडे. आमची बायको, कुंदा, दारात कोलंबी सोलत बसली होती, तिने मला न विचारताच सांगून टाकलं, "न्या की त्यांना. नाहीतरी दिवसभर पेपर वाचत बसतात."

निवाडा मढला. का? तर मोडलेलं सुकाणू तिथे ठेवलंय. आणि खाडीपलीकडे नेणारी होडी एकच, ती कुणाची? धाकूची. म्हणजे आरोपीच न्यायाधीशाला वल्हवत नेतोय. भर खाडीत वल्हं थांबवून मला गोडीत विचारतो, "सायेब, पवता येतं?" म्हटलं, नाही. "बरं झालं इचारलं," म्हणाला आणि पुन्हा वल्हवायला लागला. बरं झालं म्हणजे? कुणाचं बरं झालं?

मढला देवळासमोर सगळं गाव जमलेलं, आवाज चढलेले. त्यात दारूबंदी, म्हणजे जे बोलत होते ते शुद्धीवर बोलत होते, हे आणखी भयंकर. जयवंत म्हणाला, "चपला काढा." मला वाटलं, मलाच हाणायला. तर नाही... डावी चप्पल म्हणजे धाकूची होडी, उजवी त्याची स्वतःची, आणि माझी छत्री उघडून धरली तो वारा. चपला वाळूतून निघाल्या, वळल्या, आदळल्या, उजवीचा अंगठा तुटला, आणि अख्खं मढ म्हणालं, बघा, अस्संच झालं.

छत्री होती जयवंतच्या चपलेच्या उजवीकडे, म्हणजे आता स्पष्ट दिसत होतं, चूक धाकूची. पण परत कुणाच्या होडीतून जायचं? आणि मला पोहता येत नाही. धाकूच्या बाजूने बोलावं तर मढ सोडणार नाही, मढच्या बाजूने बोलावं तर खाडी सोडणार नाही. धाकू नुसता भरती किती चढलीय ते बघत होता.

अहो, कचेरीत इतकी वर्षं शिकलो काय? निर्णय लांबवायला. म्हटलं, "शर्यत पुन्हा घ्या."

मग जयवंतची आई, जानकीबाई, पदर खोचून उठली. "झकास. पन या खेपंला पंच होरीत बसंल. आपल्या डोल्यांनी बघंल, मंग भांडान नको."

पटलं हो सगळ्यांना. मग नवं भांडण, पंच कुणाच्या होडीत? शेवटी तोड निघाली, जाताना धाकूच्या, येताना जयवंतच्या. तोड काढली कुणी? धाकूने.

"पण मध्ये होडी बदलायची कशी?" मी विचारलं.

धाकूने माझ्याकडे मोठ्या मायेने पाहिलं. "शर्यतीत थांबाचा नाय, सायेब. उडी मारायची."

परत येताना तो सगळी खाडी गुणगुणत होता. घरी येऊन कुंदाला म्हटलं, चपलेचा अंगठा तुटलाय, नव्या घ्यायला हव्यात. म्हणाली, "रविवार होऊन जाऊ दे, मग बघू."

तर येत्या रविवारी आहे शर्यत. या सगळे, किनाऱ्यावरून छान दिसतं म्हणे. जाताना मी धाकूच्या होडीत असेन. येताना जयवंतच्या होडीत... तेवढं जरा बघा, मी दिसतोय का.