धारेखालून

गोळीबाई : ...नाही हो, वाळलाय तो. काल दुपारीच वाळला. पण मामा म्हणाले, राहू द्या तसाच सॅकवर.

भाची : का?

गोळीबाई : का म्हणजे... शोभतो म्हणाले.

भाची : सॅकला पांढरा टॉवेल शोभतो?

गोळीबाई : असं बोलले खरं. मी काय, पहिल्यांदा डोंगरात आलेली बाई. म्हटलं, इथे असंच करत असतील.

मामा : अगं ए लीडर, त्यांना कशाला दटावतेस? निघताना सगळ्यांच्या सॅका वजनकाट्याला टांगल्यास. माझा दाढीचा आरसा काढलास, जाड चादर काढलीस, ब्रशचा दांडा कापून हातात दिलास. दात घासताना बोटं घशात जातात माझी. आता त्या बाईच्या टॉवेलावर डोळा!

भाची : मामा, विषय बदलू नकोस.

मामा : विषय कुठला चाललाय ते तरी कळू दे.

भाची : निघाल्यापासून तू गोळीबाईंच्याच मागे चालतोयस.

मामा : चालतोय. औषधांचं दुकान आहे त्यांचं. म्हातारपणी अशा माणसाशी ओळख असलेली बरी. उगाच नाही मी त्यांचं नाव गोळीबाई ठेवलं.

गोळीबाई : आणि आता सगळा ग्रुप तेच म्हणतो. माझं खरं नाव कुणी विचारलंसुद्धा नाही.

भाची : मामा, तू कुणाच्या मागे चालणारा माणूस आहेस का? आम्ही भाचरं लहान असताना तू कायम पुढे. वळणावर उभा राहून ओरडायचास, गोगलगायी, या लवकर. या अख्ख्या ग्रुपात तुझ्याएवढे डोंगर कुणी पालथे घातले नसतील. आणि तू नवशिक्या बाईच्या पावलावर पाऊल ठेवतोयस.

मामा : वय झालं, बाई.

भाची : चढावर तुला धापसुद्धा लागत नाही. तू सपाटीवर अडखळतोस. काल ओढ्याशी...

मामा : दगड ओला होता.

भाची : कोरडा होता. आणि आज सकाळी मास्तरांच्या तंबूची दोरी.

मामा : तुझ्या त्या मास्तरांना म्हणावं, शाळेत कवायत घेता तशी इथे दोऱ्यांची घेऊ नका. सगळ्यांच्या शेवटी चालतात आणि तंबू मात्र वाटेत मधोमध ठोकतात!

भाची : बरं. चहा घे.

मामा : दे की.

भाची : घे ना.

मामा : आणलायस, की नुसताच आग्रह करतेयस?

गोळीबाई : मामा... त्यांनी कप धरलाय.

मामा : कुठे?

गोळीबाई : इथे. तुमच्या डाव्या कानाशी. मघापासून.

मामा : असं होय. दे. ...गरम आहे छान. साखर मात्र हात आखडून घातलीस. का तिचंही वजन होतं?

भाची : मामा, कधीपासून?

मामा : काय कधीपासून?

भाची : चहा मी मुद्दाम तिकडून धरला. तुला दिसला नाही. कधीपासून दिसत नाही?

मामा : समोरचं दिसतं. तू दिसतेस. नाकाचा शेंडा लाल झालाय तुझा, रडायला येतं तेव्हा होतो तसा. फक्त कडेचं गेलं. नळीतून बघावं तसं. खाली पायाशी बघायचं तर मान पार वाकवावी लागते.

भाची : मोतीबिंदू असेल. हल्ली चुटकीसरशी काढतात.

मामा : काचबिंदू आहे.

भाची : मग तोही काढतीलच की. गोळीबाई, काढतात ना?

गोळीबाई : नाही हो. नावं सारखी, पण दोन्ही वेगळे. मोतीबिंदू काढला की दिसायला लागतं. यात जे गेलं ते गेलं. उरलंय ते राखायचं. थेंब घालायचे, डॉक्टरांकडे जात राहायचं. तुम्ही घालता ना थेंब, मामा?

मामा : घालतो. तेवढी एक बाटली हिच्या काट्यातून चोरून आणली. शर्टाच्या खिशात आहे.

भाची : म्हणजे तुम्हाला माहीत होतं, गोळीबाई?

गोळीबाई : आधी नव्हतं. काल संध्याकाळी त्या झाडीच्या वळणावर मी जरा पुढे गेले, तर मागून हे विचारतात, "टॉवेल कुठे गेला?" बाई कुठे गेल्या, असं नाही विचारलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दुकानात काचबिंदूचे पुष्कळ लोक येतात, ताई. उंबऱ्याला ठेच लागून आत येतात आणि उंबऱ्याला शिव्या देतात.

भाची : मग मला का नाही सांगितलंत?

गोळीबाई : यांच्याकडून ऐकलेलं नाही, मी कुठल्या तोंडानं सांगू? रात्रभर तोच विचार करत होते. आज सांगणारच होते. म्हणजे... डोंगराची धार लागायच्या आधी.

भाची : मामीला माहितीये?

मामा : नाही. आणि तू आत्ताच सांगायला जाऊ नकोस. ती मला घरातल्या घरात हात धरून फिरवेल.

भाची : तुझ्या डोळ्याचं तू बघ, मामीचं तू आणि मामी बघा. मला आत्ताचं बघायचंय. ही समोर धार दिसतेय ना? वर एकच माणूस चालेल एवढी वाट. दोन्हीकडे सरळ उतार. तू वर येणार नाहीस.

मामा : ती धार मला तोंडपाठ आहे.

भाची : जुनी धार पाठ आहे. मधला एक तुकडा ढासळलाय, तो कुठे पाठ आहे तुला?

मामा : अगं, टॉवेल आहे ना पुढे! सरळ रेषेत तर जायचंय. मला सरळच दिसतं. उलट धार माझ्यासाठी सोयीची, कडेला बघण्यासारखं काही नाहीच.

भाची : कडेला दरी आहे, मामा.

मामा : तीच म्हणतो मी. ती नाही दिसली तर बरंच की.

भाची : चेष्टा नको.

मामा : मग काय करू? रडू? तुला काय वाटतं, मी तुझी हलकीफुलकी सॅक बघायला आलोय? डॉक्टर म्हणाले, थेंबांनी टिकेल, नाही टिकलं तर समोरचंही आखडत येईल. म्हटलं, आहे तोवर एकदा धारेवर उभं राहावं. बाकी काही मागत नाही मी.

भाची : मला सांगायचं होतंस.

मामा : सांगितलं असतं तर आणलं असतंस?

भाची : धारेवर नसतं नेलं. पण आणलं असतं. आता एक सांग. गोळीबाई पुढे आणि तू मागे. मधेच त्या घाबरल्या आणि मटकन खाली बसल्या. तर?

मामा : बसल्या तर बसल्या. मी थांबेन.

भाची : कशावरून थांबशील? टॉवेल तुझ्या नजरेच्या खाली गेलेला असेल. तुला समोर आभाळ दिसेल नुसतं. सांग ना.

मामा : आदळेन त्यांच्यावर.

गोळीबाई : अगं बाई.

मामा : बरोबर बोलतेस. मी माझाच विचार करत होतो. मी पडलो तर पडलो, एवढाच. माझ्यापुढे कुणी आहे, हे डोक्यातच नव्हतं.

भाची : खालून झाडीतली वाट आहे. लांबची आहे, पण रुंद. तळ्यापाशी आम्हाला येऊन मिळते. तिथेच मुक्काम.

मामा : माहितीये मला ती. गुरांची वाट. जन्मात कधी गेलो नाही तिच्यानं.

गोळीबाई : मी जाते ना मामांच्या सोबत! म्हणजे, तसंही त्यांना टॉवेलाची सवय झालीये. त्यांना एकट्याला कसं सोडायचं? मला काही वाईट वाटणार नाही, ताई. धार काय, पुन्हा कधीतरी.

मामा : गोळीबाई.

गोळीबाई : ओ?

मामा : तुम्ही मला सोबत करताय, की माझ्या आडून पळ काढताय?

गोळीबाई : असं काय बोलता!

मामा : काल जेवताना तुम्ही मास्तरांना पुन्हा पुन्हा विचारत होतात, धार चुकवता येते का हो म्हणून.

गोळीबाई : ऐकलंत तुम्ही?

मामा : डोळ्यांची निम्मी कामं हल्ली कानांनी उचललीत.

गोळीबाई : मग खरंच सांगते. भीती वाटते मला. दुकानात स्टुलावरसुद्धा चढत नाही मी. वरची फळी रिकामीच असते माझी. गिऱ्हाइकांना वाटतं, माल संपलाय. सगळं दुकान कमरेएवढं आहे माझं.

भाची : मग आलात कशाला? म्हणजे, रागानं नाही विचारत.

गोळीबाई : आमचे हे म्हणाले, तू अर्ध्यातून परत येशील. हसून म्हणाले, तसे वाईट नाहीत ते. पण त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. म्हटलं, बघाच. आणि आता इथे बसून ही धार बघते, तर वाटतं, हसले ते काय चुकीचं हसले?

मामा : इकडे या. समोर बसा, म्हणजे दिसाल. पायाकडे बघत चालायचं नाही. पायाकडे बघितलं की दरी आपोआप दिसते. दोन पावलं पुढे नजर ठेवायची. भीती वाटली तर थांबायचं, लाजायचं नाही. हिला हाक मारायची. ढासळलेल्या जागी ही हात देईल, तो घ्यायचा. आणि तोंड चालू ठेवायचं.

गोळीबाई : तोंड?

मामा : बोलत राहायचं. बोलणाऱ्या माणसाचा श्वास अडकत नाही. तुम्हाला काही अवघड नाही ते.

गोळीबाई : हे मात्र खरं.

मामा : मी खालून जातो. पण एका अटीवर. तुम्ही वरून यायचं. माझ्या निमित्तानं कुणी धार चुकवलेली मला चालणार नाही.

भाची : मास्तर येतील तुझ्याबरोबर. त्यांच्या जागी शेवटी आपल्या ग्रुपातले दाढीवाले डॉक्टर चालतील, त्यांची ही वाट झालेली आहे. मास्तरांना मी खरं कारण सांगणार. चालेल?

मामा : सांग. नाहीतर पुन्हा दोरी बांधतील मधे.

भाची : मामा... रागावलास?

मामा : रागावलोय. तुझ्यावर नाही. तू चोख लीडर आहेस, आणि हे मला कळतंय, त्याचाच राग येतोय. जा आता. ढग चढायच्या आत धार ओलांडा.

(संध्याकाळ. तळ्याकाठी तंबू लागले आहेत.)

मामा : या, गोळीबाई. इकडे समोर बसा.

गोळीबाई : ओळखलंत? मी तर हाकही मारली नव्हती.

मामा : पावलं ओळखली. सकाळी दबकत पडत होती, आता आपटताय. म्हणजे झाली धार.

गोळीबाई : झाली! एवढी बोलले मी, एवढी बोलले, ताईंना माझ्या सासरची सगळी मंडळी पाठ झाली. फक्त त्या ढासळलेल्या तुकड्यावर... तिथे मी चालले नाही. बसून सरकले. सगळ्यांच्या देखत. पँट मागून फाटली.

मामा : आम्हीही सरकायचो.

भाची : तू? कधी?

मामा : तुम्ही भाचरं नसायचात तेव्हा. डाव्या हाताला काय दिसलं, गोळीबाई? नदी दिसते तिथून.

गोळीबाई : खरं सांगू? मी डावीकडे बघितलंच नाही. उजवीकडेही नाही. समोरचं तेवढं बघितलं. तुमच्यासारखंच.

मामा : हा हा! मग आपण दोघांनी मिळून अर्धीच बघितली म्हणायची.

गोळीबाई : पण शेवटी, वाट रुंद होते ना, तिथे खडकाला पाठ लावून बसले आणि मग बघितलं. ढगांच्या सावल्या शेतांवरून सरकत होत्या. एक सावली नदीपाशी आली, अलीकडचं पाणी काळं, पलीकडचं चकचकीत. मला माहीतच नव्हतं, सावली वरूनही दिसते म्हणून. रडले थोडी. तुमचं कसं झालं?

मामा : मास्तर बोलत नाहीत, शिट्टी वाजवतात. शिट्टीच्या मागे आलो. आधी तासभर तोंड वाकडं करून चाललो. मग विसरलो. पायाखाली पानांचा एवढा थर, की पडलो असतो तरी झोप लागली असती. इतकी वर्षं या डोंगराच्या डोक्यावरून गेलो, त्याचं पोट कधी बघितलं नव्हतं.

भाची : आवडलं?

मामा : धार ती धार. खोटं कशाला बोलू? पण आलो. उद्याही येईन.

गोळीबाई : उद्या उतार आहे. मी पुढे चालते तुमच्या. चला, आधी सुईदोरा शोधते कुणाकडे आहे का. यांच्या हलक्या सॅकांमधे तो असेल तर शपथ!

भाची : मामा.

मामा : बोल.

भाची : इथे फोनला रेंज आहे. मामीचा दोनदा येऊन गेला.

मामा : काय म्हणाली?

भाची : मी उचलला नाही. उचलला की विचारेल, मामा धारेवर कसा चालला. मी काय सांगू?

मामा : सांग, छान चालला.

भाची : नाही सांगणार. हात धरून फिरवेल म्हणतोस. फिरवू दे ना. चार दिवस फिरवेल, मग कंटाळेल.

मामा : ती? ती नाही कंटाळायची. तिला तू ओळखत नाहीस.

भाची : मग?

मामा : तेच तर. ...आण इकडे फोन. नंबर लावून दे, ते आकडे बारीक असतात.

भाची : घे. वाजतोय. मी जाऊ?

मामा : थांब इथेच. ...हॅलो. हां, मीच. पोचलो, तळ्यावर आहोत. नाही, थंडी नाही. जेवलीस का? ...बरं, ऐक, हातातलं काम ठेव बाजूला. काही झालेलं नाही, मी धडधाकट आहे. तू आधी खाली बस बघू. ...बसलीस?