मागच्या रांगेतला आवाज

ओहायोतल्या कॉलेजच्या फुटबॉल मैदानावर मध्यंतर झालं होतं. कॉफीच्या रांगेत डोरीनच्या पुढे दोनच म्हातारे होते. त्यांचं आपसातलं बोलणं तिला ऐकू येत होतं.

"तुम्ही माझ्या मागे बसता ना? दरवर्षी नुसता आरडाओरडा असतो तुमचा."

"आज नाही ओरडलो."

"म्हणून तर विचारतोय. बरं नाही का?"

"बरा आहे हो. पण आजूबाजूला चिटपाखरू नाही. एकट्याने ओरडायला लाज वाटते."

"पोरं येत नाहीत?"

"घरी टीव्हीवर बघतात. म्हणतात, थंडीत कशाला कुडकुडता?"

"माझीही तेच म्हणतात. नाव काय तुमचं?"

"ऑर्विल."

"मी क्लेटन. चला, माझ्या शेजारी बसा."

"शेजारी बसलो तर ओरडेन हं!"

"ओरडा की! फक्त डावीकडे बसा. उजव्या कानाने मला ऐकू येत नाही."