ताईच्या नावाचं कुळ

थांबा, थांबा, त्या खणाला हात नका लावू—आधी बसा. तर तुमचं म्हणणं, दगड झालेले हे समुद्री किडे, हे ट्रायलोबाइट, म्हणजे वेगळं कुळच नाही? पलीकडच्या खणातल्या मोठ्यांची नुसती पिल्लं? वा! माझ्या बाबांनी या दगडांत उभी हयात घातली, आणि तुम्ही सकाळच्या गाडीनं आलात नि निकाल लावून मोकळे!

माहीत आहे हो मला—कात टाकली की पाठीवर एक कडं वाढतं. शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बाबांना नव्हतं? होतं ना! पण त्यांचं एकच—ही लहान आहेत, पण पूर्ण वाढलेली आहेत. पुढं बोलायची सोय नाही. आणि नावाचा अर्थ विचारलात ना? शब्दकोशात नका शोधू. ताईचं नाव आहे ते. आधी प्रजातीला दिलं, मग त्यालाच शेपूट लावून कुळाला—रीतच आहे तशी आमच्या शास्त्रात. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. मी पाहिलेली नाही. नुकती चालायला लागली होती, तापात गेली. मी नंतरची. घरात कुणी चुकूनसुद्धा तिचं नाव घेत नसे—आणि इथं बघावं त्या खणावर तेच! मी शिकले, इथंच या संग्रहालयात चिकटले, हीच धूळ पुसते—माझ्या नावानं एखादा किडा तरी? जाऊ दे, मला काय त्याचं. वाईट वाटतं, नाही असं नाही.

पण तुम्ही छापलंत की हे कुळ जुन्या कुळात जाणार, नाव पुसणार. बाबा थकलेत हो. हाय खातील. ते आहेत तोवर थांबलात तर काय बिघडेल? दगड कुठं पळतायत? तुम्ही येणार हेसुद्धा मी त्यांच्यापासून लपवलं. आणि लहानांना मोठ्यांशी जोडणारे हे मधल्या मापाचे नमुने तुम्हाला मिळाले तरी कुठं? हे सगळे निघाले ती खाण तर केव्हाच बुजवली—

कुणी दिले? बाबांनी?

स्वतः पाठवले? काय म्हणाले—जसंच्या तसं सांगा, गुळमुळीत नको. ‘ती वाढत होती, मीच वाढू दिली नाही’—असं म्हणाले? तुम्हाला?

मला एका शब्दानं बोलले नाहीत. आज सकाळी समोरासमोर बसून चहा प्यायलो आम्ही.

घ्या तो खण. दोन्ही हातांनी धरा, जड आहे. नाही, काही विचारू नका. जा तुम्ही.