भाड्याचा पिक्चर आणि आमच्या वन्सं

माझं माहेर मंडणगड तालुक्यातलं, डोंगरातलं गाव, काय सांगू तुम्हाला, लग्न होईपर्यंत मी पिक्चर असा बघितलेलाच नव्हता. गावात शिमग्याला नमनाचा खेळ व्हायचा तो बघायचा, तेवढंच. लग्न होऊन इकडे रत्नागिरीला मांडवीत आले तर सासरी टीव्ही, आणि टीव्हीखाली व्हीसीआर, कारण आमचे हे बोटीवर कामाला होते आणि बाहेरून येताना तो घेऊन आलेले. त्यावरूनच पुढे आमची व्हिडिओ लायब्ररी झाली, पडवीत. हे वर्षातले आठ-नऊ महिने बोटीवर, मग लायब्ररी मी आणि माझ्या नणंद, कुसुमवन्सं, आम्हीच बघायचो. त्यांचं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. माझ्याहून लहान, पण वन्सं त्या वन्संच.

सुरुवातीला आम्ही टीव्ही, व्हीसीआर, कॅसेटी असं सगळंच भाड्याने द्यायचो. कुणाकडे पूजा असली, बारसं असलं की रिक्षात घालून न्यायचे. आख्खी आळी जमायची, आणि गंमत अशी की ज्याने आणलेलं असायचं त्यालाच बसायला जागा नाही, तो बिचारा दारात उभा. नंतर बोटीवाल्यांच्या घरोघरी व्हीसीआर आले, मग लोक नुसती कॅसेट न्यायला लागले. कॅसेटला एकच दुखणं, इथली हवा. पावसाळ्यात तिच्यावर पांढरी बुरशी धरायची आणि चित्रात नुसत्या रेघा. म्हणून मी कॅसेट देण्याआधी थोडी लावून प्रिंट बघायचे. बघितल्याशिवाय कधी दिली नाही, कोण कितीही घाईत असू दे.

मग सीडी आली. बुरशी गेली, ओरखडे आले. एका पिक्चरच्या दोन सीड्या असायच्या आणि दुसरी नेमकी शेवटाला अडकायची. लोक दारात येऊन विचारायचे, सुमनताई, तो मेला की वाचला तेवढं सांगा. आता काय सांगणार, मी तरी कुठे पुढचं बघितलंय. पुढे केबल आलं, फोन आले, आमची लायब्ररी बंद झाली. हे पण गेले. पडवीत आता माझे आगळाचे कॅन असतात, मी कोकम आगळ करते, बरं चाललंय.

तर वन्संचं सांगत होते. त्यांना बुरोंडीला दिलेली, घरची होडी, सगळं चांगलं. पण गेल्या वर्षापासून त्यांच्या डोळ्यांना मधलं दिसेना. कडेचं दिसतं, समोरचं माणूस आहे हे कळतं, तोंड मात्र कळत नाही. एक डोळा जास्त, एक कमी. इथे रत्नागिरीत डॉक्टरांकडे इंजेक्शनं चालू केली. डॉक्टर म्हणाले, आजी, आहे ते टिकवायला बघू, गेलं ते येणार नाही. त्यावर वन्संनी मला फोन केला, वयनी, आहे तोवर एकदा तुझ्याकडे बसून पिक्चर बघायचाय. मी म्हटलं, या, रविवारी या.

माझा प्रसाद पण बोटीवर आहे, बापासारखा. त्याची बोट तेव्हा बंदराला होती, त्याला सांगितलं, वन्संचा तो आवडता जुना पिक्चर मिळेल का रे? दहा वेळा बघितला असेल त्यांनी आमच्या पडवीत. त्याने तिकडून नेटवर भाडं भरलं आणि म्हणाला, आई, आता टीव्हीवर आलाय तो, परत द्यायची भानगड नाही, फक्त एकदा लावलास की दोन दिवसांत आपणहून जातो, ध्यानात ठेव. मी म्हटलं, ठेवलं.

आणि गुरुवारी मी काय केलं असेल? प्रिंट बघितली. लावला थोडा, सुरुवातीच्या नावांच्या पाट्या बघितल्या, चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ, बंद केला. खूश झाले. आता मला सांगा, मी काय पिक्चर बघत होते? मी प्रिंट बघत होते! रविवारी सकाळी उघडते तर पिक्चर नाही, परत भाडं भरा म्हणतो. प्रसादला फोन लावला तर बोट समुद्रात निघालेली, लागेचना. आणि वन्सं तर सकाळच्या एसटीने निघालेल्या. बाई डोळे घेऊन येतेय आणि मी दाखवू काय?

शेजारच्या शबानाला हाक मारली, त्या घरची नवीन सून आहे ती, हुशार. तिला सगळं सांगितलं तर ती हसायलाच लागली. म्हणाली, चाची, तुम्ही बुरशी शोधत होतात होय? मग म्हणाली, घाबरू नका, माझ्या फोनवरून भरते. तेवढ्यात वन्सं आल्याच, भिंतीला हात लावत लावत. मी चहा देता देता खरं काय ते सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, गेला ना तो, बरं झालं गो. तो मला तोंडपाठ आहे. नुसता आवाज आला तरी सगळ्यांची तोंडं मी आपली आपण लावते. मला नवीन दाखव. नवीन पोरांची तोंडं आत्ता बघून ठेवते, पुढे नुसतं ऐकायची पाळी आली की लागतील.

मी आपली खुर्ची उचलून टीव्हीजवळ नेऊन ठेवली.

शबानाने नवीन पिक्चर लावला. वन्सं अशा मान वाकडी करून बसल्या, कोंबडी दाणा बघते तशा. कुणी नवीन माणूस आला की म्हणायच्या, थांबव गो पोरी, थांबव. मग कडेने कडेने त्याचं तोंड बघायच्या, भुवया जाड आहेत, हनुवटीला खळी आहे, हां, चालू कर. ह्या नव्या पद्धतीत काय चांगलं म्हणाल तर हे. कॅसेट थांबवली की चित्र थरथर कापायचं, हे आपलं मुकाट थांबतं, हवं तेवढं. आमचा एक पिक्चर संपायला दुपार गेली, शबानाची भाकरी राहिली, सासूने दोनदा हाक मारली तिला.

तेव्हापासून इंजेक्शनला आल्या की एक दिवस माझ्याकडे राहतात आणि नवीन पिक्चर बघतात. डोळा पुढे काय करील ते देवाच्या हातात, मी त्याच्याशी भांडत नाही, आहे ते राहू दे एवढंच मागते. गेल्या खेपेला एका पोराचं तोंड काही केल्या त्यांना दिसेना. पुढे सरकल्या, मागे सरकल्या, मान दोन्हीकडे करून झाली. शेवटी मला विचारलं, वयनी, कसा आहे गो हा? मी नीट बघितलं आणि म्हटलं, वन्सं, तुमच्या धाकट्या जावयासारखा आहे, अगदी तसाच.

मग चालू कर, म्हणाल्या, ते तोंड आहे माझ्याकडे.