ठकूबाईचा कोरडा हात

काय सांगू तुम्हाला, आमच्या आईला गावात विहिरीला शिवू द्यायचे नाहीत. एकदा तिचा हंडा कडेला लागला तर तू शिवलीस, पाणी बाटलं, म्हणून सगळ्या गावासमोर बोलले तिला. ते आई मरेपर्यंत सांगायची. बाप तिला घेऊन इकडे आला, शहाडला कारखान्यात लागला, आम्ही बुद्धाचे झालो, मी उल्हासनगरातच वाढलो. नववी नापास. म्हणून तिथल्याच कॅम्पात एका सिंधी शेठच्या बॅटरीच्या दुकानात लागलो, आधी बॅटरीत पाणी भरायला, मग इन्व्हर्टर जोडायला. शेठ चांगला माणूस, हां, चूक माझीच आहे, ती सांगतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट, शेवटाशेवटाची. बाळाराम म्हणून एक रेतीवाला होता, खाडीतली रेती काढायची त्याची लहान होडी, नवरा-बायको आठवडा आठवडा तिच्यावरच राहायचे, चूल पण होडीवरच. त्याला एक बत्ती पाहिजे, एक पंखा पाहिजे. आणि त्याची बायको ठकूबाई, तिचं मनगट मोडून वाकडं जुळलेलं, पाट्यावर वाटता येईना, तर तिच्या भावाने मिक्सर दिलेला, तो पिशवीत गुंडाळून ठेवलेला. शेठ मला बोलला, बत्ती-पंखा चलेगा, मिक्सर नहीं खिंचेगा, उसके लिए बड़ा इन्व्हर्टर लगता है, उनको साफ बोल देना.

गेलो होडीवर. ट्रकची बॅटरी फळीखाली बसवली, इन्व्हर्टर वर खुंटीला टांगला, बत्ती लागली, पंखा फिरला. ठकूबाईने चहा दिला, बोलली, इंजिनेरभाऊ, तुमी लय हुशार. मला जन्मात कोण इंजिनेर बोललं नव्हतं हो. चढलो मी हरभऱ्याच्या झाडावर. तिने पिशवी सोडली, विचारलं, मिक्सर चालंल का? आणि शेठचं माहीत असून मी बोललो, चालेल की, लाव बिनधास्त.

तिने पदराला हात पुसला, खोबरं-मिरची भांड्यात घातली, बटण दाबलं. मिक्सर नुसता गुरगुरला, इन्व्हर्टरमधून धूर आला, पंखा थांबला. बाळाराम माझ्याकडे बघायला लागला. आणि मी, एवढा श्वास पण नाही घेतला, बोललो, तुझा हात ओला होता, ओल्या हाताने शिवलीस, म्हणून जळलं. शिवलीस. हाच शब्द आला तोंडातून, माझ्या! बाळाराम तिला नाही नाही ते बोलला. ती आपला तळवा बघत राहिली, एवढंच बोलली, मी पुसूनच लावला रं भाऊ. मी मान खाली घालून वायरी सोडत बसलो.

घरी आईला सांगितलं, एका बाईच्या ओल्या हाताने इन्व्हर्टर जळला. आई बोलली, खरंच ओला होता? मी जेवायचं ताट पुढे ओढलं. तिने पण पुढे विचारलं नाही. ती गेली, तिला खरं सांगायचं राहूनच गेलं.

आता मी बदलापूरला असतो. गेल्या महिन्यात बाजारात बाळाराम भेटला, होडी कधीच विकली बोलला, इथेच खोली घेतली, चल चहाला. गेलो. खोलीत अंधारून आलेलं. ठकूबाई बटणाजवळच उभी होती, पण आत हाक मारली, सूनबाई, बत्ती लाव गं, भाऊ आलाय. बाळाराम हसला, बोलला, होडीवरच्या त्या दिवसापासून विजेच्या कशालाच हात लावत नाय ही.

मला बसवेना. तिथेच सगळं सांगून टाकलं, ताई, तुझा हात कोरडा होता, मिक्सर चालणार नाही ते मला आधीच माहीत होतं. बाळारामचं हसू गेलं. ठकूबाई बोलली, कोरडाच होता, मला ठावं होतं. पण तू जाणता माणूस, तू बोललास, तवा मीच माझ्या हाताला खोटं धरलं.

वर मलाच पाण्याचा तांब्या दिला, बोलली, पी, सुखी राहा. प्यायलो. लाज वाटते अजून, काय करू. जाताना बोललो, ताई, एकदा तूच दाब ना बटण, माझ्यासमोर. तिने हात पुढे केला, पदराला पुसला, परत पुसला, आणि तसाच मागे घेतला.