लांब दांड्याचा डाव

(लोहाराच्या घरातली दुपार. लढाईत गेलेल्या मुलाचा पुतळा चौकात कापडाखाली उभा आहे. उद्या कापड काढायचं आहे. मुलाच्या पलटणीतला जवान आत्ताच आला आहे.)

लोहार : हळू बोल, शेजाऱ्यांची भिंत लागून आहे. काय म्हणालास? आचारी?

जवान : हो काका. भटारखान्यात होता. पहिल्यापासून.

लोहार : काहीतरी गफलत होतेय तुझी. मशीनगनवर होता तो. सुट्टीवर आला तेव्हा स्वतःच्या तोंडानं सांगितलंय त्यानं.

जवान : तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल.

आई : मला माहीत होतं.

लोहार : तुला? तुला कोणी सांगितलं?

आई : सांगायला कशाला हवं? त्याचे कपडे मी धुतले. बंदुकीच्या दारूला कांद्याचा वास येतो होय?

लोहार : मग बोलली का नाहीस?

आई : तुमच्यापुढे? मी तापानं फणफणले होते तेव्हा पोरानं चूल पेटवली, तर कान धरून भात्यापाशी नेऊन बसवलंत त्याला.

लोहार : ते राहू दे. हे बघ बाळा, उद्या सगळा गाव जमणार. पुतळ्याच्या हातात बंदूक आहे. तुलाही दोन शब्द बोलायला लावतील. तू एवढंच म्हण, शेवटची गोळी संपेपर्यंत लढला. कुणाचं काय जातंय त्यात?

जवान : काका, मला खोटं बोलायची लाज वाटेल.

लोहार : आणि मला खऱ्याची वाटतेय, त्याचं काय? गावभर छाती फुगवून फिरलोय मी. उद्या लोक म्हणतील, लोहाराचा पोरगा भाजी चिरता चिरता गेला.

आई : अहो, जीभ आवरा.

जवान : आम्ही त्याला मावशी म्हणायचो.

लोहार : ऐक! ऐकलंस? मावशी!

जवान : आधी चिडवायलाच म्हणायचो, खोटं कशाला सांगू. ताटात काही उरलं की समोर येऊन बसायचा. संपवल्याशिवाय उठू द्यायचा नाही. वरून तोफा धडधडत असल्या तरी सरपटत खंदकात जेवण घेऊन यायचा आणि वर आम्हालाच ओरडायचा, गार झालं म्हणून. मग मावशी हे नावच पडलं. काकू, हे तुमच्याकडे द्यायला आलो. पोत्यात गुंडाळलंय.

आई : लांब आहे. जड पण.

लोहार : बघू इकडे. अगं, हा तर माझ्या हातचा डाव! दांड्यावर माझी खूण आहे. त्यांच्या आचाऱ्याला हवाय म्हणून माझ्याकडून घडवून नेला होता त्यानं. मोठ्या पातेल्याच्या तळाला पोचेल असा.

जवान : आचारी तोच, काका.

लोहार : ऐरणीशी उभं राहून सांगत होता, दांडा इथं वाकवा, नाहीतर मनगट भरून येतं. मी म्हटलं, तुला काय रे कळतं त्यातलं?

आई : आणि पुढे काय म्हणालात?

लोहार : नको काढूस ते.

आई : त्याच्या सोबत्याला कळू दे.

लोहार : म्हटलं, तुमच्या आचाऱ्याला सांग, डावाबरोबर बांगड्याही घडवून देतो.

जवान : मग?

लोहार : हसला. चांगला मोठ्यानं हसला.

आई : आणि आत येऊन माझ्यापाशी तोंड लपवून बसला.

लोहार : हे मला आज सांगतेस? ... कसा गेला रे तो? लिहून आलं त्यात नुसतं लढाईत गेला एवढंच होतं.

जवान : माघार घ्यायचा हुकूम आला होता. सगळे ट्रकमध्ये चढलो, तोही चढला. ट्रक हलला आणि याला आठवलं, डाव चुलीपाशीच राहिला. आम्ही म्हटलं, मर्दा, डावाचं काय घेऊन बसलास, दुसरा मिळेल. म्हणाला, असा नाही मिळणार, बाबांनी घडवलाय. उडी मारली. आलोच, म्हणाला.

आई : आलोच म्हणाला?

जवान : हो काकू. तोफेचा गोळा पडला तेव्हा परत ट्रककडेच पळत होता. डाव हातात होता.

लोहार : या डावासाठी?

जवान : काका, उद्या काय बोलू मी?

लोहार : तू काही बोलू नकोस. मी बोलतो. त्याला चुलीची लाज वाटत नव्हती, माझी वाटत होती. ते माझ्याच तोंडून लोकांना कळू दे.

आई : बोलवेल?

लोहार : नाही बोलवलं तर पुतळ्यासमोर तसाच उभा राहीन. बाळा, एक सांग. मीठ नीट पडायचं का रे त्याचं?

जवान : कधी कमी नाही, कधी जास्त नाही.

लोहार : त्याच्या हातचा एक घास खाल्ला नाही मी. वाढायला आला असता, तर ताटावरून उठून गेलो असतो.

आई : बसा दोघंही. पानं घेते. डाव मोठा आहे, सांडेल थोडं. पण उठायचं नाही.