चिंतामणी सरांची सुटी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष डॉ. शौनक सर, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती चिंतामणी सर, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी कुंदावहिनी, आणि जेवणाच्या वासाने चुळबुळणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मी वैदेही. आपल्या निदान केंद्राच्या कंप्युटर खात्यात सरांच्या हाताखाली काम करते. भाषणाची मला सवय नाही, आणि खरं सांगायचं तर आज अंगात त्राणही नाही. गेला महिनाभर सरांकडून त्यांचं काम समजून घेतेय. एवढं सगळं एकटा माणूस करत होता, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत होतं?

गेल्या दसऱ्याचंच घ्या. अंबरनाथ-बदलापूरच्या पेशंटांचे सगळे स्कॅन आपल्याकडे चार डिस्कांवर असायचे. एक डिस्क गेली तर निभायचं, दोन गेल्या की सगळं संपलं. सरांनी पाचवी घातली आणि दोन गेल्या तरी स्कॅन वाचतील अशी मांडणी सुरू केली. केंद्र चालू ठेवून एकेक भाग उचलायचा, नव्याने लावायचा. काम तीन-चार दिवसांचं. हातात घेतलेला भाग मध्येच वीज गेली तर हरवू नये, म्हणून त्याची नक्कल पेनड्राइव्हवर. सर्व्हरवर ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी चिकटवून सर वहिनींना घेऊन गुहागरला निघाले.

वहिनींचं माहेर गुहागरचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण जावईबापू तिथे सलग दोन दिवस राहिलेले नाहीत. दर वेळी इथून आपला फोन, की सर परत.

आणि आली खंडेनवमी! आपल्याकडे यंत्रं बंद करून, पुसून पुजायची रीत. आपल्या ऑफिसातल्या जितेशभाऊंनी भक्तिभावाने सर्व्हर बंद केला, पेनड्राइव्ह उपटून ताम्हनात ठेवला, हळदकुंकू वाहिलं. झेंडूची माळ नेमकी त्या चिठ्ठीवरच घातली. मग फोन.

“सर, पूजा एकदम मस्त झाली. पण आता ते चालूच होत नाय!”

माणगावपर्यंत पोचलेली गाडी वळली. वहिनी गाडीत काय बोलल्या असतील, मी विचारलेलं नाही. सरांनी शर्टाच्या टोकाने कुंकू पुसलं, पेनड्राइव्ह लावला, आणि थांबलेलं काम तिथूनच पुढे सुरू केलं. एकही स्कॅन गेला नाही. कुणावर आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, “जितेश, प्रसाद ठेवलायस का रे?”

आपण हसतो. मीही हसले होते. पण त्या दिवशी खुर्चीत बसलेला माणूस फार थकलेला होता, आणि दुसरं कुणी नेमावं हे आपल्याला तेव्हाही सुचलं नाही.

अध्यक्ष महाराज, आत्ता तुम्ही माझ्या कानात सांगितलंत, की सर सल्लागार म्हणून मंगळवार-शुक्रवार येतील, तेवढं जाहीर कर. शौनक सर, माफ करा, मी ते जाहीर करणार नाही. अडलं तर मला बोलवा. मी चुकेन, रडेन, पण निस्तरेन. आणि माझ्या जोडीला माणूस द्या, नाहीतर काही वर्षांनी हीच शाल माझ्या अंगावर घालाल.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. अध्यक्षांचा मान ठेवण्यात कमी पडले असेन, तर घरची लेक समजून पोटात घाला.

सर, तुमचा फोन इथेच माझ्याकडे द्या. बॅगा स्टेशनच्या रिक्षात ठेवल्यात. वहिनी, उठा. गुहागरला वाट बघतायत.